चेकिंगबाई आणि नाचाचं पॅड

आमच्या ताई कुठलीही नवी वस्तू घरात आली की आधी ती ओढून बघतात. छत्री असो, पडदा असो, बादलीची कडी असो. ओढून झालं की वाकवतात, वाकवून झालं की आपटतात. त्यातून जे वाचेल ते आम्ही वापरायचं. ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. प्रवासी बॅगा बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी उभं आयुष्य काढलं आणि तिथं त्यांचं काम एकच होतं, बॅग कुठं फाटते ते बघणं. कारखान्यातले लोक त्यांना चेकिंगबाई म्हणत. अजूनही रस्त्यात कुणी जुनं माणूस भेटलं की लांबूनच हाक मारतं, "काय चेकिंगबाई, आज काय तोडलं?" त्या दिवशी ताई दोन घास जास्त जेवतात.

लहान वयात घर अंगावर पडलं, दोन धाकट्या भावांची शिक्षणं त्यांनी केली आणि स्वतःचं लग्न राहून गेलं. राहून गेलं असं आपलं म्हणायचं. माझा नवरा सांगतो की एक माणूस रीतसर विचारायला आला होता. चांगला, नोकरीतला. तो आत बोलत बसलेला असताना ताईंनी दाराशी जाऊन त्याचे बूट उलटे करून बघितले. तळ एकाच बाजूनं झिजले होते. "हा माणूस पुढं कलंडणार," म्हणाल्या, आणि विषय संपला. ताईंना विचारलं तर त्या हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. "कातडं चांगलं होतं," एवढंच सांगतात.

त्यांची एका खोलीची जागा ज्या इमारतीत होती ती पाडायला काढली, तेव्हा त्या आमच्याकडे राहायला आल्या. सामान म्हणजे एक मोठी बॅग. तिच्या आतल्या बाजूला 'नापास' असा शिक्का. मी म्हटलं, "ताई, जन्मभर बॅगा तपासल्यात आणि स्वतःला ही घेतलीत?"

"हिच्यात काय खोट आहे ते मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "पास झालेलीचं काय सांगावं?"

मला ते उत्तर फार पटलं, कारण माझाही पिंड तोच. मी विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात काम करते. लोकांनी सांगितलेलं नुकसान खरं की रचलेलं, हे बघायचा मला पगार मिळतो. म्हणजे घरात दोन संशयी बायका, आणि मध्ये सापडलेले माझा नवरा आणि आमची मुलगी. नवरा म्हणतो, "या घरात दूधसुद्धा उतू जायच्या आधी इकडेतिकडे बघून घेतं."

मुलीला ताई भिंगरी म्हणतात. होतीही ती तशीच, एका जागी न ठरणारी. मग शाळेत बास्केटबॉल खेळताना ती वळली आणि तिचा गुडघा वळला नाही. ऑपरेशन झालं. टाके सुकले, कुबड्या गेल्या, पण गुडघा पूर्ण वाकेना. फिजिओबाईंनी व्यायाम दिले. ते करताना मुलीचं तोंड असं व्हायचं की जणू मीच तिला पाडलं होतं. उशीला लाथ मारायची, "झालं" म्हणायची आणि पडून राहायची. दिवसचे दिवस भिंतीकडे तोंड करून.

तिच्या मैत्रिणीनं तिला तो खेळ दिला. टीव्हीवर गाणं लागतं, खालून बाण वर येतात, आणि पायाखालच्या पॅडवर तोच बाण त्याच ठेक्याला दाबायचा. पुढचा, मागचा, डावा, उजवा. मला आधी वाटलं, हे काय नवीन खूळ! पण मुलगी उठून उभी राहिली. कुणी न सांगता उभी राहिली. मी धावत फिजिओबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "खेळू दे की. उड्या मारायच्या नाहीत, थोडा वेळच खेळायचं, गुडघा सुजला तर बंद. आणि एक बघा, पॅड सरकता कामा नये. आता पाय पुन्हा मुरगळला तर सगळं पहिल्यापासून."

पहिल्यापासून म्हणजे ऑपरेशनच्या टेबलापासून. तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. टिकेल आणि सरकणार नाही असं पॅड.

पहिलं पॅड आणलं ते घडी होणारं, पातळ. टेबलावरच्या प्लास्टिकच्या कापडासारखं. फरशीवर ते असं सरकायचं की मी त्याच्या चारी कडा चिकटपट्टीनं फरशीला चिकटवल्या आणि मुलगी खेळत असताना शेजारी हात पसरून उभी राहायची, झेल घ्यायला उभं राहावं तशी. ताई एका बाजूला खुर्चीवर. त्या फक्त बघायच्या. थोड्याच दिवसांत डावा बाण मेला. कितीही दाबा, टीव्हीला कळायचंच नाही. मुलगी एका बाणासाठी जास्त जोर द्यायला लागली, आणि तो जोर दुखऱ्या पायावर यायला लागला. मी पॅड गुंडाळून दुकानात नेलं. दुकानदारानं ते उलटसुलट केलं आणि म्हणाला, "मॅडम, यावर कुणीतरी दणादण उड्या मारल्यात."

"माझी मुलगी उड्या मारत नाही."

"तुमच्यासमोर मारत नसेल."

मी त्याला चार शब्द सुनावले, पण घरी येईपर्यंत माझ्या मनात पाल चुकचुकली होती.

दुसरं पॅड जाड आणलं, आत फोमचे ठोकळे घातलेलं, खालून रबर लावलेलं. हे सरकत नव्हतं. मला दोन दिवस झोप लागली. मग त्याची वायर जिथं पॅडमध्ये शिरते तिथंच तुटली. ती जोडून आणली, तर मागच्या बाणाजवळची शिवण उसवली आणि आतला फोम बाहेर डोकवायला लागला. आता दोन वेगळी दुकानं, दोन वेगळी पॅडं. दोन्ही दुकानदार चोर असू शकतात, मी नाही म्हणत नाही. पण मी ऑफिसात असताना, शाळेतून आल्यावर घरात कोण असतं? मुलगी आणि ताई. कुठंतरी पाणी मुरत होतं.

मी ताईंना सरळ विचारलं, "मी नसताना भिंगरी खेळते का?"

"मी असताना? नाही."

"उड्या वगैरे?"

"नाही म्हटलं ना. पाय धुऊन बसते आणि अभ्यास करते."

ताई खोटं बोलत नाहीत. पण भाचीसाठी बोलल्या असत्या, असं मला वाटायला लागलं. आणि एक गोष्ट मला खुपत होती. सकाळी मी पॅड ताईंच्या पलंगाखाली जसंतसं कोंबून जायची. संध्याकाळी ते घडी घातलेलं असायचं. कोपऱ्याला कोपरा जुळवून, वायर गुंडाळून, गाठीचं टोक आत खोचून. ज्या मुलीनं जन्मात स्वतःच्या पांघरुणाची घडी घातली नाही ती हे करेल का? करेल, मी म्हटलं. लपवायचं असेल तर करेल. माझ्या धंद्यात फार नीटनेटका दावा आला की आम्ही आधी पेन खाली ठेवतो.

त्या रात्री जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरात मी नवऱ्याला म्हटलं, "ताई तिला पाठीशी घालताहेत."

"ताई? अगं, ताई मला पाठीशी घालत नाहीत!"

"तू त्यांचा भाऊ आहेस. ही भाची आहे. मी सांगते, दुपारी ही धिंगाणा घालते आणि ताई तोंड मिटून बसतात. थोडे दिवस त्या धाकट्या भावोजींकडे गेल्या तर मला नेमकं कळेल. तसंही त्यांना बिचाऱ्यांना हॉलमध्ये झोपावं लागतं."

नवऱ्यानं हातातलं भांडं पुसून ठेवलं. मग म्हणाला, "विचारतो त्याला." विचारतो म्हणाला आणि त्यानं विचारलंही, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला समोर बसवलं.

"खरं सांग. मी रागावणार नाही."

"रागावलीच आहेस."

"पॅड कुणी फाडलं?"

"मी नाही."

"मग कुणी? मी? बाबांनी?"

ती काहीतरी बोलणार होती. मी पाहिलं, ओठ हलले. मग तिनं नजर खाली केली आणि म्हणाली, "माहीत नाही मला. जाऊ दे ना."

'जाऊ दे' हा शब्द मी ऑफिसात ऐकला की दावा तिथंच बाजूला काढते. मी पॅड बंद केलं. खेळ बंद. तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तिनं केला नाही. ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली. पुढच्या खेपेला फिजिओबाईंनी तिचा पाय हातात घेतला, हळूच वाकवून बघितला आणि माझ्याकडे पाहिलं. "मागे गेलाय," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळेला इथवर येत होता. आता बघा. असाच राहिला तर मग आखडेल तो कायमचा."

परत येताना मी वाटेत उतरून तिसरं पॅड घेतलं. दुसऱ्यासारखंच जाड. अट घातली, मी समोर असतानाच खेळायचं. मुलगी हो म्हणाली. हसली नाही. ताईंनी ते पॅड हातात घेतलं, कडा अंगठ्यानं चाचपल्या आणि आपल्या पलंगाखाली सरकवलं. मला ते सुद्धा आवडलं नाही.

एक दिवस ऑफिसातली वीज गेली. यंत्रं बंद पडली आणि आम्हाला दुपारीच सोडलं. मुलगी शाळेत होती. मी जिना चढले तेव्हा आमच्या दारातून आवाज येत होता. धप. धप. मग थोडं थांबून काहीतरी घासल्याचा आवाज. गाणं नाही, टीव्ही नाही. मी इतकी हळू किल्ली फिरवली की माझी मलाच लाज वाटली. पण फिरवली.

हॉलच्या मध्यभागी पॅड पसरलं होतं. त्यावर आमच्या ताई. बाह्या वर सारलेल्या, दोन्ही हातांत पाण्यानं भरलेले कॅन, जे आम्ही पाणी जातं तेव्हासाठी भरून ठेवतो. डाव्या बाणावर पाय, सगळा भार त्यावर, टाच रोवून अर्धी गिरकी. मग उजवा. मग मागचा. चेहऱ्यावर कसलाही नाच नव्हता. ऑफिसात जाणारा माणूस बसच्या रांगेत जसा उभा असतो तसा चेहरा. चारी बाण झाले तसे त्यांनी कॅन खाली ठेवले, वाकल्या, वायर हाताला गुंडाळली आणि पाय पॅडवर रोवून खच्चून ओढली.

"ताई!"

त्या दचकल्या नाहीत. "आलीस? लवकर?"

"काय करताय?"

"तपासतेय."

"हे... रोज?"

"मग? एकदा तपासून काय होतं? काल धड होतं ते आज धड असेलच असं कुणी सांगितलं?"

"पहिल्या पॅडलाही?"

"सगळ्यांनाच. पोर उभी राहायच्या आधी मी उभी राहते." वायर सोडून त्या सरळ झाल्या. "ती नाचते तेव्हा तिचं वजन दुप्पट पडतं, म्हणून कॅन. तुला काय वाटलं, मी पाणी भरतेय?"

मला संताप आला. बरेच दिवस मी मुलीशी जे वागले ते सगळं एकदम डोक्यात गेलं. ओरडण्यासाठी मी तोंड उघडलं, आणि तोंडातून भलताच प्रश्न बाहेर पडला. कदाचित सवयीनं. दावा करणाऱ्याला आधी कामाची पद्धत विचारायची, हे आम्हाला शिकवलेलं आहे.

"ताई, कारखान्यात तुम्ही जी बॅग ओढायचात, आपटायचात... ती पुढं विकायला जायची?"

"छे! ती भंगारात. गाडीभर बॅगांतली एक उचलायची, तिचे हाल करायचे. ती टिकली की बाकीच्या पास. तपासलेला नग गिऱ्हाइकाला देत नाहीत गं. त्याचा जीव गेलेला असतो."

ताईंनी खाली पॅडकडे बघितलं. मग आजूबाजूला बघितलं, हॉलभर, जणू उरलेली पॅडं कुठं रचून ठेवलीत ते शोधत होत्या. मग त्या पॅडवरून खाली उतरल्या. आधी एक पाय, मग दुसरा, ओल्या फरशीवरून उतरावं तसं.

"एकच आहे," त्या म्हणाल्या.

"एकच आहे, ताई."

पलंगावर बसून त्यांनी बाह्या खाली केल्या. बराच वेळ बटणं लावत राहिल्या. मग म्हणाल्या, "पण टिकलं नाही म्हणजे टिकाऊ नव्हतंच ते." आवाजात मात्र नेहमीचा कडकपणा नव्हता. थोड्या वेळानं म्हणाल्या, "धाकट्याचा फोन आला होता. खोली रिकामी करतोय म्हणाला. मी महिनाअखेर जाईन म्हणते."

"कुणी सांगितलं तुम्हाला जायला?"

"तू. स्वयंपाकघराची भिंत पातळ आहे. मी ठोकून बघितलीय आल्या आल्या."

मी तसं म्हणाले नव्हते असं म्हणता येत नव्हतं. पातळ भिंतीपलीकडून त्यांनी शब्दन् शब्द ऐकला होता आणि तरी तिसरं पॅड येताच माझ्या मुलीसाठी कॅन उचलले होते. मी त्यांच्याशेजारी बसले. आम्ही दोघी त्या पॅडकडे बघत बसलो. चारी बाण अजून धड दिसत होते, पण दिसण्यावर आमचा दोघींचाही विश्वास नाही.

मुलगी शाळेतून आली. दारात दप्तर टाकलं, पॅडकडे बघितलं, कॅनकडे बघितलं, आम्हा दोघींकडे बघितलं.

"कळलं तुला?" तिनं मला विचारलं.

"तुला माहीत होतं?"

"एकदा शाळा लवकर सुटली होती तेव्हा पाहिलं. जिन्याकडच्या खिडकीतून."

"मग सांगितलं का नाहीस? मी तुला एवढं..."

"सांगितलं असतं तर तू आत्याला पाठवून दिलं असतंस. भिंत पातळ आहे आपली."

ताई एकदम तिच्यावर घसरल्या. "अगं भवाने, मग मला तरी सांगायचंस! मी कशाला रोज तोडत बसले असते? तुझा पाय आखडला की गं त्यापायी!"

"तू किती मन लावून करत होतीस, आत्या."

"मन लावून! मार खाशील आता."

मार कुणी दिला नाही, पण मुलगी हसली. ते हसू मी कितीतरी दिवसांनी बघत होते, आणि खरं सांगायचं तर त्याचाही मला क्षणभर संशय आला, आता हे टिकेल का म्हणून.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघी दुकानात गेलो. व्हिडिओ गेमचं मोठं दुकान, भिंतभर पडदे, आणि केसांचा शेपटा बांधलेला मालक. ताईंनी आत शिरताच त्याला 'शेपटीवाला' करून टाकलं. मी त्याला आधीच सांगितलं, "घडीचं नको. आमची तीन बघून झालीत."

त्यानं कडक पॅड काढून दाखवलं. लोखंडी चौकट, वर जाड प्लास्टिकच्या पाट्या, खाली रबराचे पाय. उचलायला दोघं लागावीत एवढं जड. मुलीचे डोळे चमकले. माझे नाही. जड वस्तू विकणाऱ्यांना वाटतं की जड म्हणजे मजबूत.

"आजी, यावर हत्ती नाचला तरी काही होणार नाही," शेपटीवाला म्हणाला.

"हत्ती आहे का तुझ्याकडे?"

"नाही, म्हणजे..."

"मग तू नाच."

"मी?"

"उडी मार. दोन्ही पायांनी. शेपटी सांभाळून."

त्यानं बिचाऱ्यानं उडी मारली. दुकानातले दोघं-तिघं बघायला थांबले. ताई मान वाकडी करून आवाज ऐकत होत्या. मी मात्र पॅडच्या कडेला बसून बघत होते, ते किती सरकलं. फरशीच्या रेघेला मी कड जुळवून ठेवली होती. सरकलं नाही. मग मी विचारलं, "पाटी फुटली तर?"

"फुटत नाही."

"फुटली तर?"

"तेवढी एक पाटी बदलून मिळते. चार स्क्रू काढायचे. आतली पट्टीही निघते."

"उघडून दाखवा."

"मॅडम, हा दाखवायचा पीस आहे, उघडला तर..."

"दाखवायचाच आहे ना? मग दाखवा."

त्यानं उघडलं. आत फक्त एक पातळ पट्टी आणि दोन वायरी होत्या. घडीच्या पॅडमध्ये सगळं आत शिवलेलं असतं, एक बिघडलं की सगळं जातं. इथं डावा बाण मेला तर डावाच उघडायचा. ताईंनी वायरीकडे हात नेला. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी हात मागे घेतला आणि पाठीमागे बांधला. मला वाटतं हात मागे बांधून दुकानात उभं राहायची त्यांची ती पहिलीच वेळ असावी.

दुसरंही एक मॉडेल होतं, मागच्या बाजूला धरायला आडवी दांडी असलेलं. मला तेच हवं होतं. "पडायला आली तर धरता येईल," मी म्हटलं.

"आई, त्या दांडीला पाय अडकून मी पडेन. मागचा बाण दाबताना बघ." तिनं पाय मागे नेऊन दाखवला. टाच दांडीच्या पायाला आपटली. गुडघा तिचा, मला ते अधूनमधून विसरायला होतं.

"तर मग हे, बिनदांडीचं?" शेपटीवाल्यानं विचारलं.

"हे," मी म्हटलं. "दोन द्या."

"दोन? दोघीजणी नाचणार का?"

"एक नाचेल. एक तपासेल."

ताई माझ्याकडे वळल्या. "वेडी आहेस का? दुसरं ठेवशील कुठं? हॉलमध्ये माझा पलंग आहे."

मी उत्तर देणार, तोवर मुलगीच बोलली, "माझ्या खोलीत. कपाट सरकवलं की मावतील दोन्ही. आणि आत्याचा पलंगपण तिथंच. नाहीतर रोज तपासायला तिला हॉलमधून यावं लागेल."

"मी महिनाअखेर..." ताईंनी सुरुवात केली.

"तुम्ही गेलात तर तपासणार कोण?" मी म्हटलं. हे मला गोड बोलून म्हणता आलं असतं. पण मला गोड बोलता येत नाही, आणि ताईंचा गोड बोलण्यावर विश्वास नाही.

नवऱ्यानं दोन खोकी बघितली आणि डोक्याला हात लावला. पण कपाट त्यानंच सरकवलं, पलंगही त्यानंच आत नेला. धाकट्या भावाला फोन करून काय सांगितलं ते मला माहीत नाही. भावोजी पलीकडून मोठ्यानं हसल्याचं मात्र ऐकू आलं.

पुढचे काही दिवस मुलीनं आपल्या पॅडला हात लावला नाही. ते भिंतीशी उभं होतं, वरचं प्लास्टिकसुद्धा न काढता. ताईंचं पॅड मात्र कामाला लागलं. सकाळ-दुपार धप, धप. खालच्या मजल्यावरच्या बाई विचारायला आल्या, "काही पडलं का हो?" ताई म्हणाल्या, "अजून नाही." मुलगी पलंगावर पाय पसरून आत्याला गाण्याचा ठेका टाळ्यांनी देत बसायची, आणि मधूनमधून, न सांगता, आपला पाय वाकवून बघायची. मी दारातून हे बघायची. मला अजून खात्री नव्हती. कशाचीच.

एका संध्याकाळी ताई म्हणाल्या, "उजव्या पाटीचा एक स्क्रू ढिला झाला."

"म्हणजे तिच्यातलाही होणार! मी उद्याच दोन्ही परत नेते."

"होणार. म्हणून दर आठवड्याला आवळायचा. आधी कळलं, झालं तर मग." त्यांनी स्क्रू आवळला, पॅडवर दोन्ही कॅन घेऊन उभ्या राहिल्या, टाच फिरवली, खाली उतरल्या. वायरही ओढली, मनसोक्त. मग भिंतीशी ठेवलेल्या दुसऱ्या पॅडचं प्लास्टिक फाडलं, नवऱ्याला हाक मारली, दोघांनी ते जमिनीवर ठेवलं आणि ताई म्हणाल्या, "चल गं भिंगरे. पास."

मुलगी उठली. मी मध्ये गेले.

"थांब. आधी मी एकदा उभी राहून बघते."

ताईंनी माझा दंड धरला. बॅगांची हँडलं ओढून ओढून झालेली ती पकड. "पाय द्यायचा नाही," त्या म्हणाल्या.

"अहो, फक्त उभी राहते. यावर अजून कुणाचाच पाय पडलेला नाही!"

"नाहीच पडलेला. म्हणून तर ते तिचं."

"आणि काही झालं तर?"

ताईंनी दंड सोडला नाही. मुलगी आम्हा दोघींच्या मध्ये उभी होती, एकदा माझ्याकडे बघत, एकदा आत्याकडे. मी बाजूला झाले. बाजूला झाले म्हणजे एवढंच की तिला जाण्यापुरती जागा केली.

तिनं आधी चांगला पाय ठेवला, मग दुसरा. टीव्हीवर गाणं सुरू झालं, खालून पहिला बाण वर आला. माझी नजर तिच्या गुडघ्यावर होती. ताई ना गुडघ्याकडे बघत होत्या, ना पॅडकडे. त्या माझ्या पायांकडे बघत होत्या, मी पुढं सरकते की काय म्हणून.